रेल्वेची फॅमिली पेन्शन आणि तिच्यातली वाढ: घरातलं कोण पात्र, आणि कागद कोणत्या क्रमाने लावायचे

माझी अर्धी नोकरी रेल्वेच्या सेटलमेंट सेक्शनला, म्हणजे निवृत्तांची पेन्शन आणि देणी काढणाऱ्या शाखेत गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आठवड्याला एखादा फोन येतोच, आणि प्रश्न बहुतेक तेच, फॅमिली पेन्शनचे, म्हणजे कर्मचारी किंवा पेन्शनर गेल्यावर घरच्यांना मिळणाऱ्या पेन्शनचे. ‘आई ऐंशीची झाली, पेन्शन का वाढली नाही?’ ‘बाबा गेल्यापासून चांगली पेन्शन येत होती, या महिन्यात एकदम कमी कशी झाली?’ ‘बहीण घटस्फोट घेऊन घरी आलीय, आईनंतर तिला मिळेल का?’ उत्तरं नियमात स्वच्छ लिहिलेली आहेत. लोक चुकतात ते क्रमात. आधी बँकेत जातात, मग ऑफिसात, आणि कागद सगळ्यात शेवटी शोधतात. करायचं असतं नेमकं उलटं.

हा लेख १ जानेवारी २००४ च्या आधी रेल्वेत लागलेल्यांच्या कुटुंबांसाठी आहे. त्यानंतर लागलेले एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, आणि ज्यांनी निवड केली ते १ एप्रिल २०२५ पासून यूपीएसमध्ये, म्हणजे एकीकृत पेन्शन योजनेत. त्यांचा हिशेब वेगळा. तरी त्यांच्या घरच्यांनी एक लक्षात ठेवावं. एनपीएसमधला कर्मचारी नोकरीत असताना गेला, तर कुटुंबाला जुन्या नियमांप्रमाणे फॅमिली पेन्शन मिळू शकते. म्हणून एनपीएसचे पैसे काढण्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी कार्मिक विभागात विचारून घ्या.

टप्पा १: पीपीओ बाहेर काढा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. बहुतेक घरांत तो ट्रंकेत, गॅसच्या पुस्तकाखाली किंवा देवघराच्या फडताळात असतो, आणि निवृत्तीच्या दिवसानंतर कोणी उघडलेला नसतो. तो काढा. २०१६ च्या आधी निवृत्त झालेल्यांचे पीपीओ सातव्या वेतन आयोगानंतर सुधारून आले होते. हिशेब त्या सुधारलेल्या पीपीओवर चालतो, जुन्या पिवळ्या कागदावर नाही. दोन्ही जपून ठेवा, पण वाचायचा नवा.

वाचताना पुढच्या गोष्टी पेन्सिलीने खूण करून घ्या: शेवटचा मूळ पगार, फॅमिली पेन्शनचे दोन दर आणि वाढीव दर कोणत्या तारखेपर्यंत आहे ती तारीख, पत्नीचं किंवा पतीचं नाव, तिची किंवा त्याची जन्मतारीख, आणि दिव्यांग मूल असेल तर त्याचं नाव.

जन्मतारखेच्या रकान्यापाशी थांबा. गँगमन, खलाशी, पॉइंट्समन म्हणून साठ-सत्तरच्या दशकात लागलेल्यांच्या पीपीओवर पत्नीचं नाव असतं, पण जन्मतारखेच्या जागी ‘अंदाजे वय’ असतं किंवा ती जागा कोरीच असते. या कोऱ्या जागेची किंमत सहाव्या टप्प्यात कळेल.

नावही तपासा. पीपीओवर ‘शांताबाई’, आधारवर ‘शांता’, बँकेत माहेरच्या नावाने खातं, असला प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. बाई, ताई लागणं किंवा गळणं माणसाला क्षुल्लक वाटतं. बँकेच्या संगणकाला नाही.

तपासा: पेन्शनर हयात असेल तर या सगळ्या दुरुस्त्या आत्ताच, त्याच्या सहीने करून घ्या. त्याच्या एका अर्जावर जे होतं, त्यासाठी नंतर विधवेला चार चकरा आणि दोन प्रतिज्ञापत्रं लागतात.

टप्पा २: रांगेत कोण कुठे उभं आहे ते ठरवा

फॅमिली पेन्शन वाटून घ्यायची इस्टेट नाही. ती ठरलेल्या रांगेतल्या एकाला मिळते, आणि तो अपात्र झाला की पुढच्याकडे जाते. मृत्युपत्रात कोणाचंही नाव लिहिलं तरी रांग बदलत नाही. रेल्वेच्याच एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. ग्रॅच्युइटीचं किंवा थकबाकीचं नॉमिनेशन हाही वेगळा विषय. ‘पण नॉमिनी तर मी आहे’ असं म्हणत भाऊ-भाऊ माझ्या टेबलासमोर भांडलेले मी पाहिलेत. दोघांचाही हक्क नव्हता, कारण आई हयात होती.

रांग साधारण अशी:

१. पत्नी किंवा पती. इथे उत्पन्नाची अट नाही. पत्नी स्वतः शिक्षिका असो, तिला तिची स्वतःची पेन्शन असो, फॅमिली पेन्शन पूर्ण मिळते.

२. पंचविशीच्या आतली मुलं, मोठ्यापासून धाकट्याकडे. मुलगा असो की मुलगी. पंचविशी, लग्न किंवा कमाई, यातलं जे आधी होईल तिथे हक्क थांबतो.

३. दिव्यांग मूल, जे स्वतःची उपजीविका करू शकत नाही. त्याला आजन्म.

४. पंचविशी ओलांडलेली अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी. वरचे सगळे संपल्यावर.

५. अवलंबून असलेले आई-वडील, पण कर्मचाऱ्याच्या मागे पत्नी किंवा मूल नसेल तरच. आधी आई, मग वडील.

६. अवलंबून असलेलं दिव्यांग भावंडं.

आता जिथे लोक हमखास घसरतात त्या जागा.

विधवेने पुनर्विवाह केला तर पेन्शन बंद होते, हे अर्धंच खरं. मूल असेल तर पेन्शन मुलाकडे जाते. मूल नसलेल्या विधवेला मात्र पुनर्विवाहानंतरही फॅमिली पेन्शन चालू राहते. तिचं दुसरीकडचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असलं पाहिजे, एवढंच.

ती मर्यादा म्हणजे महिना ९,००० रुपये अधिक त्यावरची महागाई सवलत. १ जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के दराने हे १४,२२० रुपये होतात. पंचविशीपुढच्या मुलींना आणि आई-वडिलांना हीच मर्यादा. लोक नुसतं ९,००० डोक्यात ठेवतात आणि दहा हजारांची शिवणकामाची कमाई आहे म्हणून मुलीचा अर्जच करत नाहीत. दिव्यांग मुलासाठी २०२१ पासून मर्यादा याहून सैल आहे: त्याचं इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या साध्या दराच्या फॅमिली पेन्शनपेक्षा, महागाई धरून, कमी असलं की पुरे. दिव्यांग मुलाचं लग्न झालं तरी त्याचा हक्क जात नाही.

पहिली पत्नी हयात आणि कायदेशीर घटस्फोट झालेला नसताना केलेल्या दुसऱ्या लग्नातली पत्नी पात्र नाही. त्या लग्नातली मुलं मात्र पात्र आहेत. हे अर्जात लपवायला जाऊ नका. लपवलेलं नंतर बाहेर येतं, आणि येतं ते वसुलीसकट.

कर्मचाऱ्याने स्वतः कायदेशीर दत्तक घेतलेलं मूल रांगेत येतं. त्याच्या मृत्यूनंतर विधवेने दत्तक घेतलेलं मूल येत नाही. नागपूरच्या एका केंद्रीय कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हा निकाल दिला. तो कर्मचारी रेल्वेचा नव्हता, पण ‘कुटुंबा’ची व्याख्या तीच.

सावधान: मुलीचं लग्न झालं म्हणून कुटुंबाच्या यादीतून तिचं नाव काढायला अर्ज देऊ नका. नाव यादीत राहू द्या. आज विवाहित असलेली मुलगी उद्या विधवा किंवा घटस्फोटित होऊ शकते, आणि तेव्हा तेच नाव कामाला येतं.

टप्पा ३: वाढीव दर आणि साधा दर, दोन्हींच्या तारखा कागदावर मांडा

साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, किमान ९,००० रुपये. वाढीव दर ५० टक्के, पण तो कायमचा नसतो.

कर्मचारी नोकरीत असताना गेला, तर मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून दहा वर्षं वाढीव दर. सलग सात वर्षं नोकरी झालेली असावी ही जुनी अट १ ऑक्टोबर २०१९ पासून गेली. तरी आजही ऑफिसातला एखादा जुना बाबू ती सांगतो.

निवृत्तीनंतर मृत्यू झाला, तर सात वर्षं, किंवा मृत व्यक्तीने वयाची ६७ वर्षं पूर्ण केली असती ती तारीख, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. ही रक्कम निवृत्तीच्या वेळी मंजूर झालेल्या पेन्शनपेक्षा जास्त होत नाही.

उदाहरण घ्या. जन्म १४ मे १९६१, निवृत्ती ३१ मे २०२१, शेवटचा मूळ पगार ६०,०००, पेन्शन ३०,०००. मृत्यू १० ऑगस्ट २०२४. सात वर्षं मोजली तर २०३१ येतं. पण ६७ वर्षं १४ मे २०२८ ला पूर्ण झाली असती, म्हणून वाढीव दर तिथेच संपतो. तोपर्यंत महिना ३०,००० अधिक महागाई. त्यानंतर १८,००० अधिक महागाई. ५८ टक्के महागाईने पहिली रक्कम ४७,४०० होते, दुसरी २८,४४०. एका महिन्यात जवळजवळ एकोणीस हजारांची घट! फोनवर रडणाऱ्या बायका याच महिन्यातल्या असतात. बँकेची चूक नसते. तारीख पहिल्या दिवसापासून पीपीओवर छापलेली असते.

आणि पेन्शनर ६८ व्या वर्षी गेला, तर वाढीव दर नाहीच. पहिल्या दिवसापासून ३० टक्के.

आणखी एक गैरसमज इथेच मोडतो. नवऱ्याने पेन्शनचा काही भाग विकून, म्हणजे कम्युटेशन करून, एकरकमी पैसे घेतले असतील तर फॅमिली पेन्शनमधून त्याची कपात होत नाही. हिशेब पगारावर होतो, कापलेल्या पेन्शनवर नाही. बँकेने कपात चालू ठेवलेली दिसली तर लगेच लेखी हरकत घ्या.

तपासा: वाढीव दर संपण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. कर्जाचा हप्ता, नातवाची फी असलं काही त्या तारखेच्या पुढे वाढीव रकमेच्या भरवशावर ठरवू नका.

टप्पा ४: पेन्शनर गेल्यानंतर, पत्नी किंवा पतीने काय करायचं

इथे काम सोपं आहे, आणि लोक ते उगाच अवघड करतात. पत्नीचं नाव पीपीओवर असेल, तर रेल्वेच्या ऑफिसात जाण्याची गरजच नाही. पेन्शन येते त्या बँकेच्या शाखेत जायचं. सोबत मृत्यूचा दाखला, पीपीओची पेन्शनरकडची प्रत, तिचं आधार, पॅन, फोटो, आणि जास्त पैसे जमा झाल्यास परत करण्याचं हमीपत्र, जे बँकच छापील देते. खातं नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर असेल तर त्याच खात्यात फॅमिली पेन्शन सुरू होऊ शकते. शाखा कागद पुढे पेन्शन प्रोसेसिंग सेंटरला, म्हणजे सीपीपीसीला पाठवते आणि रक्कम तिथून लागते. त्यामुळे शाखेतल्या माणसाशी भांडून महिना लवकर येत नाही. कागद कोणत्या तारखेला पुढे गेले ते मात्र विचारून लिहून घ्या.

वारस दाखला लागतो का? पीपीओवर नाव असलेल्या पत्नीला नाही. कोणीतरी सांगतं म्हणून लोक कोर्टात अर्ज करतात, आणि सहा महिने नुसते तारखांत जातात.

सावधान: मृत्यू बँकेला कळवायला उशीर करू नका. ‘दोन महिने पेन्शन येऊ दे, मग सांगू’ हा सल्ला देणारे शहाणे शेजारी प्रत्येक कॉलनीत असतात. मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम परत घेतली जाते. वर एटीएममधून कोणी काढली, हा प्रश्न घरात फूट पाडतो तो वेगळा.

याच काळात फोनही येतात: ‘पीपीओ अपडेट करायचा आहे, ओटीपी सांगा.’ बँक आणि रेल्वे कोणीही ओटीपी मागत नाही. फोन ठेवून द्या.

टप्पा ५: मुलगी किंवा दिव्यांग मुलाचा दावा

हा दावा बँकेत नाही, रेल्वेच्या ऑफिसात सुरू होतो. आणि ऑफिस कोणतं, इथेच पहिली चूक होते. घराजवळचं नाही, कर्मचारी जिथून निवृत्त झाला त्या विभागाचा किंवा वर्कशॉपचा कार्मिक विभाग. मध्य रेल्वेचे विभाग मुंबई, भुसावळ, नागपूर, पुणे, सोलापूर. पश्चिम रेल्वेचा मुंबई सेंट्रल. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत. आणि नागपुरात तर दोन रेल्वेंचे दोन विभाग आहेत, मध्यचा वेगळा आणि दक्षिण पूर्व मध्यचा वेगळा. चुकीच्या नागपूरला टाकलेला अर्ज महिनोन्‌महिने एका कपाटात पडून राहिलेला मी पाहिला आहे. कोणाचा वाईट हेतू नव्हता त्यात, नुसता पत्ता चुकलेला.

क्रम असा ठेवा:

१. आई-वडील दोघांचे मृत्यूचे दाखले. रांगेत वर असलेलं दुसरं कोणी असेल तर ते आता पात्र का नाही, याचा पुरावा: भावाचं वय, धाकट्या बहिणीचं लग्न.

२. मुलीचा जन्मपुरावा आणि वडिलांशी नातं दाखवणारा कागद, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला.

३. तिची स्थिती. विधवा असेल तर नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, घटस्फोटित असेल तर कोर्टाचा हुकूमनामा, अविवाहित असेल तर प्रतिज्ञापत्र.

४. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. हा सगळ्यात शेवटी काढा. तो वर्षाचा असतो. आधी काढून ठेवला आणि बाकीचे कागद जमेपर्यंत वर्ष उलटलं, तर पुन्हा रांगेत.

५. बँक खातं तिच्या एकटीच्या नावावर, आधार आणि पॅन.

आता घटस्फोटाची तारीख. दावे इथेच फेटाळले जातात. मुलगी विधवा झाली किंवा तिचा घटस्फोट झाला, ती घटना आई किंवा वडील यांच्यापैकी कोणीतरी हयात असतानाची लागते. घटस्फोटाला २०१७ पासून एक सवलत आहे: अर्ज आई किंवा वडील हयात असताना कोर्टात दाखल झालेला असेल, तर हुकूमनामा त्यांच्या मृत्यूनंतर आला तरी चालतो, पेन्शन हुकूमनाम्याच्या तारखेपासून. त्यामुळे नुसता हुकूमनामा जोडून भागत नाही. अर्ज दाखल केल्याची तारीख दिसणारी कोर्टाची नक्कल जोडा. ‘ती वीस वर्षं वेगळीच राहते हो’ असं सांगणाऱ्या भावांना माझं उत्तर नेहमी एकच असायचं: वेगळं राहणं म्हणजे घटस्फोट नव्हे. पंचांसमोर झालेली फारकतही कार्यालय धरत नाही.

दिव्यांग मुलासाठी सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. दिव्यांगत्व कायमचं असेल तर ते एकदाच. तात्पुरतं असेल तर दर पाच वर्षांनी नवं. मानसिक दिव्यांगत्व असेल तर पेन्शन पालकामार्फत मिळते. राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीने दिलेला पालकत्वाचा आदेश चालतो. हे काम आई हयात असताना, तिच्या हातून करून घेतलं तर पुढचं अर्धं ओझं उतरतं. पेन्शनर किंवा त्याची पत्नी हयात असतानाच मुलाचं नाव पीपीओवर चढवता येतं. दिव्यांग मुलाच्या बाबतीत हा एक अर्ज मी सगळ्यात वर ठेवीन. बाकी सगळं नंतर.

तपासा: अर्जाच्या पहिल्या पानावर पीपीओ नंबर, कर्मचाऱ्याचं नाव, हुद्दा, शेवटचं स्टेशन किंवा डेपो आणि निवृत्तीची तारीख. याशिवाय सर्व्हिस रेकॉर्ड सापडत नाही. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

टप्पा ६: ऐंशीनंतरची वाढ

पेन्शनरला आणि फॅमिली पेन्शनरला दोघांनाही वयानुसार जादा रक्कम मिळते. ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली की १०० टक्के. त्या जादा रकमेवर महागाईही मिळते.

वय धरायचं ते फॅमिली पेन्शनरचं स्वतःचं, गेलेल्या नवऱ्याचं नाही. नवऱ्याची जन्मतारीख रेल्वेकडे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असते. बायकोची नसते. म्हणून पेन्शनर ऐंशीचा झाला की वाढ बहुतेक वेळा न मागता लागते, आणि त्याची विधवा ऐंशीची झाली की काहीच होत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका आजींचं सांगतो. नवरा गँगमन, पीपीओवर आजींचं नाव नीट, जन्मतारखेचा रकाना कोरा. आधारवर १ जून १९४१. (आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला का येतो, ते शाळा कधी उघडतात यावरून ओळखा.) त्यांची फॅमिली पेन्शन किमान, म्हणजे ९,०००. म्हणजे १ जून २०२१ पासून महिना १,८०० रुपये जादा आणि त्यावर महागाई. नातवाने बँकेच्या खिडकीवर विचारलं, उत्तर मिळालं ‘वरून येईल’. दर नोव्हेंबरात आजी हयातीचा दाखला देत होत्या, दर नोव्हेंबरात तेच उत्तर. २०२४ च्या उन्हाळ्यात नातू पीपीओची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आला. कोरा रकाना दाखवायला मला अर्धा मिनिट लागला. ३६ महिने, महागाई न धरताच ६४,८०० रुपये. पीपीओ दुरुस्त होऊन आला आणि थकबाकीसकट मिळाले. पण तीन वर्षं ते पैसे आजींच्या औषधांना उपयोगी पडले असते.

वाढ कधीपासून, याचा नियम सोपा: ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या १ तारखेपासून. जन्म १७ मार्च १९४५ असेल तर १ मार्च २०२५ पासून. जन्म १ मार्चचा असला तरी १ मार्चपासूनच. ‘ऐंशीवं लागलं’ म्हणजे ८० पूर्ण नव्हेत. आपण घरात वय चालू वर्षात मोजतो, सरकार पूर्ण झालेल्यात.

काय करायचं ते क्रमाने:

१. पीपीओवर जन्मतारीख आहे का पाहा. असेल आणि तरी वाढ लागली नसेल, तर काम बँकेचं: शाखेत लेखी अर्ज, सोबत पीपीओची प्रत.

२. जन्मतारीख नसेल, किंवा नुसतं अंदाजे वय असेल, तर काम रेल्वेचं. अर्ज कार्मिक विभागाला. बँक स्वतःच्या अधिकारात तारीख भरू शकत नाही. इथेच लोक तीन-तीन वर्षं चुकीच्या खिडकीवर उभे राहतात.

३. अर्जाला जन्मतारखेचा पुरावा जोडा: पॅन, पासपोर्ट, शाळेचा दाखला, आधार, मतदार ओळखपत्र यातलं जे असेल ते, स्वतः सही करून.

४. कार्मिक विभागाकडून कागद लेखा विभागात जातो, तिथून सुधारित पीपीओ निघतो, मग तो बँकेकडे. तिन्ही ठिकाणी पाठपुरावा करायचा. सुधारित पीपीओची एक प्रत स्वतःकडे मागून घ्या आणि त्यावर तारीख छापली आहे का ते तिथेच बघा.

सावधान: पॅनवर एक तारीख आणि आधारवर दुसरी, हे फार घरांत आहे. दोन्ही एकदम जोडून गोंधळ ओढवून घेऊ नका. आधी त्यातलं खरं कोणतं ते ठरवा, चुकीचं दुरुस्त करून घ्या, मग अर्ज. आणि पेन्शन लवकर वाढावी म्हणून आधारवर वय वाढवून घ्यायचा सल्ला कोणी दिला, तर त्याच्याकडून दुसरा कुठलाच सल्ला घेऊ नका.

साधारण ७९ व्या वाढदिवसाला हा अर्ज द्यावा. वर्षभरात कागद फिरून येतो.

टप्पा ७: बाकीच्या छोट्या वाढी

महागाई सवलत वर्षातून दोनदा बदलते, १ जानेवारी आणि १ जुलैपासून. जाहीर उशिरा होते आणि फरक नंतर एकदम जमा होतो. त्यासाठी अर्ज लागत नाही. १८,००० मूळ फॅमिली पेन्शन असलेल्या बाईंना ५८ टक्क्यांनी २८,४४० येतात. त्याच बाई ऐंशीच्या झाल्या की मूळ २१,६०० धरून ३४,१२८. पासबुकात हे आकडे जुळतात का, ते वहीवर एकदा स्वतः करून बघा.

रेल्वेच्या दवाखान्यापासून अडीच किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्या आणि तिथली ओपीडी न वापरणाऱ्या फॅमिली पेन्शनरला महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता आहे. नवऱ्याला मिळत होता म्हणून तो विधवेला आपोआप चालू राहील असं गृहीत धरू नका. पासबुकात शोधा, नसेल तर अर्ज द्या. कोकणात, खानदेशात गावी परत गेलेल्या बहुतेक विधवा या भत्त्यात बसतात, आणि बऱ्याच जणींना तो माहीतच नसतो.

आयकर: फॅमिली पेन्शन पगारात नाही, ‘इतर उत्पन्ना’त दाखवायची. तिच्यातून एक तृतीयांश किंवा जुन्या पद्धतीत १५,०००, नव्या पद्धतीत २५,००० रुपये, यातलं जे कमी ते वजा होतं.

हयातीचा दाखला नोव्हेंबरात. ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. मोबाइलवरून ‘जीवन प्रमाण’ केलं तरी चालतं. मुलगी फॅमिली पेन्शन घेत असेल तर वर्षातून एकदा लग्न, नोकरी आणि उत्पन्नाबद्दलचं तिचं निवेदनही द्यायचं. तिचा हक्क पुनर्विवाहाने किंवा मर्यादेवरच्या कमाईने थांबतो, आणि ते लपवलं तर वसुली होते.

टप्पा ८: अडलं तर

पहिला अर्ज दिल्यावर दोन महिने वाट पाहा. मग पोचेची झेरॉक्स जोडून स्मरणपत्र. त्यानंतरही हलत नसेल तर केंद्र सरकारच्या पेन्शन तक्रारींच्या सीपीईएनग्रॅम्स पोर्टलवर तक्रार टाका. रेल्वेची पेन्शन अदालतही भरते. तिच्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो, आयत्या वेळी जाऊन उपयोग नाही. तक्रार एका पानाची ठेवा: पीपीओ नंबर, काय हवं, कोणत्या तारखेपासून, कोणता कागद कधी दिला. नवऱ्याने भर पावसात रूळ कसे सांभाळले हे लिहू नका. वाचणाऱ्याला ते कळतं, पण त्याला लागतो तो पीपीओ नंबर, आणि तो नेमका तिसऱ्या पानावर असतो.

अर्ज स्पीड पोस्टाने पाठवणार असाल तर पाकिटावर ‘सेटलमेंट सेक्शन, कार्मिक विभाग’ असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि आत मूळ पीपीओ कधीही घालू नका. झेरॉक्सच.